वाचकांचे प्रश्न : फोन लागला, पण कोठे लागला?

इंटरनेट टेलिफोनीविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सोलापूरहून आली आहेत आणि त्यांचा रोख एकच आहे : कार्यालयाच्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे फोन एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रणेत, आलेला किंवा तेथून जाणारा कॉल ठरलेल्या वाटेनेच जातो, याची खात्री करून घ्यायची कशी? हा प्रश्न टेलिफोनइतकाच जुना आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय असलेल्या आल्मन स्ट्राउजर यांना, आपले फोन ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा संशय होता आणि त्या संशयातूनच त्यांनी ऑपरेटरविना चालणारा स्वयंचलित स्विच तयार केला, अशी हकिकत सांगितली जाते. त्याचे पेटंट त्यांना १८९१ मध्ये मिळाले. ऑपरेटरची जागा आता संगणकातील काही ओळींनी घेतली आहे. त्या ओळी चुकल्या, तर ग्राहक आजही दुसऱ्याच दारात जाऊन उभा राहतो.

प्रश्न : अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल व चादरींचा कारखाना असून विक्री कार्यालय नवी पेठेत आहे. जुने ईपीएबीएक्स काढून आम्ही अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारे इंटरनेट एक्स्चेंज बसवून घेतले. चौदा एक्स्टेंशन (आतले फोन), दोन कंपन्यांचे ट्रंक (बाहेरच्या टेलिफोनशी जोडणाऱ्या लाइनी) आणि मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी असा चार भाषांचा आयव्हीआर, म्हणजे बटण दाबून विभाग निवडण्याचा बोलता मेनू, आहे. बसविणाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून एक फोन लावला, स्वागतकक्षात घंटी वाजली आणि ‘टेस्टिंग झाले’ असे सांगून तो गेला. आता तेलुगू निवडून मजुरी विभाग मागणाऱ्या कामगारांचा फोन मधेच तुटतो. गेल्या महिन्यात सर्व्हर क्लाउडवर नेल्यापासून सकाळी फोन करणाऱ्यांना ‘कार्यालय बंद आहे’ असे ऐकू येते आणि रात्री मात्र रिकाम्या टेबलावर घंटी वाजत राहते. चालू लाइन बंद न ठेवता सगळे राउटिंग, म्हणजे कॉलच्या सगळ्या वाटा, तपासण्याची पद्धत सांगावी.

उत्तर : एक फोन लागला, यावरून एक वाट त्या क्षणी मोकळी होती एवढेच सिद्ध होते. आपल्याकडे चार भाषा आहेत. प्रत्येक भाषेत तीन विभाग धरले, कामकाजाची वेळ आणि बंदची वेळ अशा दोन अवस्था धरल्या आणि प्रत्येक फोनच्या चार स्थिती धरल्या, तर नुसत्या येणाऱ्या कॉलच्याच ९६ शक्यता होतात. त्यांतील एक तपासून काम पूर्ण झाल्याचे सांगणे हे माझ्या मते काम अर्धवट सोडणेच होय. अर्थात ९६ फोन लावावे लागत नाहीत, कारण पुष्कळ वाटा पुढे जाऊन एकाच ठिकाणी मिळतात. पण त्या कोठे मिळतात, हे कागदावर आल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पहिले काम संगणकासमोर बसण्याचे नसून तक्ता करण्याचे आहे. कोणी, कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी फोन केला, कोणते बटण दाबले आणि त्यानंतर काय व्हायला हवे, हे ओळीओळीने लिहावे आणि ‘काय व्हायला हवे’ हा रकाना तंत्रज्ञाने न भरता कार्यालयातील जबाबदार माणसाने भरावा. हा रकाना फोन लावण्यापूर्वीच भरलेला असला पाहिजे, याबद्दल मी आग्रही आहे. कारण एकदा घंटी कोठेतरी वाजली की, ती तेथेच वाजायला हवी होती, असे मन सहज मान्य करून टाकते.

तक्ता झाल्यावर प्रत्यक्ष फोन न लावता एक्स्चेंजलाच विचारता येते आणि चालू लाइनला धक्का न लावण्याच्या आपल्या अटीत हे तंतोतंत बसते. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या अ‍ॅस्टेरिस्कमध्ये वाटांचे सगळे नियम डायलप्लॅनमध्ये असतात आणि डायलप्लॅनचे कॉन्टेक्स्ट नावाचे कप्पे असतात. ‘डायलप्लॅन शो’ या आज्ञेपुढे क्रमांक, अ‍ॅट चिन्ह आणि कॉन्टेक्स्टचे नाव लिहिले, की त्या कप्प्यातून तो क्रमांक फिरविल्यास कोणते नियम लागू पडतील, ते पडद्यावर दिसते. घंटी कोठेही वाजत नाही आणि पैसाही खर्च होत नाही. तक्त्यातील बाहेर जाणारे सगळे क्रमांक याच रीतीने तासाभरात पडताळून होतात.

येथे आपल्याकडच्या क्रमांकांचा एक पेच आहे आणि तो परदेशी पुस्तिकांत सापडणार नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य फिरवावे लागते. त्यामुळे मोबाइलचा क्रमांक शून्य धरून अकरा अंकी होतो आणि एसटीडी कोडसह लँडलाइनचा क्रमांकही शून्य धरून अकरा अंकीच असतो. मोबाइलचे क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या अंकांनी सुरू होतात. पण नागपूरचा कोड ०७१२, कलबुर्गीचा ०८४७२ आणि विजयपुराचा ०८३५२ आहे. ‘शून्यानंतर सहा ते नऊ आले की मोबाइल’ असा सोपा नियम लिहून मोबाइलचे कॉल एका ट्रंकवर व लँडलाइनचे दुसऱ्या ट्रंकवर पाठविले असतील, तर सोलापूरच्या व्यापाराचा रोजचा संबंध असलेल्या कलबुर्गी-विजयपुराचे लँडलाइन कॉल निमूटपणे मोबाइलच्या ट्रंकवरून जात राहतील. फोन लागतो, बोलणेही होते, म्हणून कोणाची तक्रार येत नाही. चूक फक्त बिलात दिसते. यासाठी तक्त्यात ‘फोन लागला’ एवढीच नोंद पुरेशी नाही. तो कोणत्या ट्रंकवरून गेला, हे कॉलच्या नोंदवहीत, म्हणजे सीडीआरमध्ये पाहून लिहावे.

नियम निवडण्याची रीतही समजून घेतली पाहिजे. अ‍ॅस्टेरिस्कच्या नमुन्यात एक्स म्हणजे ० ते ९ मधील कोणताही अंक, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९ आणि शेवटी दिलेले टिंब म्हणजे पुढे एक किंवा त्याहून अधिक काहीही. एकाच कप्प्यात दोन नमुने जुळले, तर फाइलमध्ये आधी कोणता लिहिला आहे याला महत्त्व नसते. अधिक काटेकोर असलेला नमुना निवडला जातो. मात्र एका कप्प्यात दुसरा कप्पा समाविष्ट केलेला असेल, तर आधी मूळ कप्प्यातच शोध होतो आणि तेथे काहीही जुळले की समाविष्ट कप्प्याकडे पाहिलेच जात नाही. मूळ कप्प्यात कोणी ‘एक्स आणि टिंब’ असा सर्व काही गिळणारा नमुना लिहून ठेवला, तर समाविष्ट कप्प्यातील अचूक नियम निरुपयोगी ठरतात. दिवसच्या दिवस शोधूनही न सापडणाऱ्या चुका पुष्कळदा येथे दडलेल्या असतात.

येणाऱ्या कॉलसाठी मात्र बाहेरून खरा फोन लावण्यावाचून गत्यंतर नाही. आतल्या एक्स्टेंशनवरून केलेला फोन एका कप्प्यातून आत शिरतो आणि ट्रंकवरून आलेला दुसऱ्या. आतून लागणारा क्रमांक बाहेरूनही लागेल, असा त्यामुळे काहीही भरवसा नसतो. शिवाय आपला क्रमांक ट्रंक कंपनी कोणत्या स्वरूपात पाठविते, यावर सगळे अवलंबून असते. एक कंपनी आधी ९१ लावते, दुसरी शून्य लावते, तिसरी नुसते दहा अंक देते आणि आपल्या नियमात वेगळे स्वरूप लिहिलेले असेल, तर कॉल ‘४०४’ (असा क्रमांक नाही) हा संकेत घेऊन दारातूनच परत जातो. कॉल जोडण्याचे संदेश ज्या एसआयपी पद्धतीने जातात, तिचा लॉगर, म्हणजे ते संदेश पडद्यावर दाखविणारी सोय, चालू करून एक फोन लावला, की कंपनीने नेमके काय पाठविले ते दिसते. आपले ट्रंक दोन कंपन्यांचे असल्यामुळे ही पडताळणी दोन्हींसाठी स्वतंत्रपणे करावी.

आता आपल्या तक्रारींकडे वळतो. सकाळी बंद आणि रात्री सुरू, या लक्षणावरून क्लाउडवरील सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेवर नसून जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे आहे, असे जवळजवळ निश्चित म्हणता येते. कार्यालयाची वेळ साडेनऊ ते साडेसहा लिहिलेली असेल, तर अशा सर्व्हरच्या दृष्टीने आपले कार्यालय दुपारी तीनला उघडते आणि मध्यरात्री बारापर्यंत सुरू राहते. वेळेचा विभाग ‘एशिया कोलकाता’ असा करून घ्यावा आणि अ‍ॅस्टेरिस्क पुन्हा सुरू करावे. सुट्ट्यांचे नियम तपासण्यासाठी काही जण सर्व्हरचे घड्याळच पुढे-मागे करतात. तसे कृपया करू नये, कारण त्यामुळे कॉलच्या नोंदी बिघडतात आणि सुरक्षा प्रमाणपत्रेही अडचणीत येतात. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये याचसाठी ‘टेस्टटाइम’ नावाचे फंक्शन आहे. चाचणीसाठी एक वेगळे एक्स्टेंशन करून त्या एका कॉलपुरती तारीख व वेळ ठरवून देता येते आणि गड्ड्याच्या यात्रेतील संक्रांतीच्या सुट्टीला ग्राहकाला काय ऐकू येईल, हे दिवाळीतच ऐकून पाहता येते.

तेलुगू निवडल्यावर तुटणाऱ्या कॉलबाबत माझा कयास असा की, मराठीचा मेनू तयार करून त्याच्या तीन प्रती काढल्या गेल्या आणि तेलुगूच्या प्रतीत मजुरी विभागाचा पत्ता भरायचा राहिला किंवा नसलेल्या कप्प्याचा भरला गेला. कयासावर मात्र थांबू नये. अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर, म्हणजे आज्ञा देण्याच्या पडद्यावर, तपशिलाची पातळी पाचपर्यंत वाढवून तोच फोन पुन्हा लावावा. कॉल ज्या ओळीवर संपतो, ती ओळ समोर येते. एखादे बटण दाबल्याचे कन्सोलवर उमटतच नसेल, तर दोष मेनूत नसून बटणाचा संकेत पोहोचण्यात आहे : एका बाजूने तो आवाजातूनच पाठविला जात आहे आणि दुसरी बाजू तो वेगळ्या पाकिटातून (डेटाच्या छोट्या गठ्ठ्यातून) येण्याची वाट पाहत आहे. आवाजाचा आकार कमी करणाऱ्या जी.७२९ सारख्या पद्धतीत आवाजातून पाठविलेला बटणाचा स्वर विद्रूप होतो, हेही लक्षात ठेवावे. सोलापूरच्या पूर्व भागातील कामगार वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांचे ग्राहक असणार, म्हणून ही तपासणी एकाच मोबाइलवरून उरकू नये. बटण न दाबणे, चुकीचे बटण दाबणे आणि सूचना संपण्यापूर्वीच बटण दाबणे, या तिन्ही गोष्टी करून पाहाव्यात. बाहेरची माणसे त्या रोज करतात.

फोनच्या ज्या चार स्थिती मी वर मोजल्या, त्या अशा : उचलला गेला, दुसऱ्या कॉलमध्ये गुंतलेला आहे, वाजूनही उचलला नाही आणि मुळात जोडलेलाच नाही. पहिल्या तीन बहुधा तपासल्या जातात. चौथी विसरली जाते आणि कारखान्यातील वीज गेली की नेमकी तीच समोर येते. ती तपासण्यासाठी फोनची केबल काढावी, पण लगेच निष्कर्ष काढू नये. फोनची नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि ती मुदत संपेपर्यंत किंवा एक्स्चेंजची पुढची विचारपूस फसेपर्यंत, केबल काढलेला फोनही जोडलेलाच धरला जातो. या मधल्या काळात कॉल वीस-तीस सेकंद नुसता अडकून पडतो. म्हणून एक फोन केबल काढताच आणि दुसरा काही मिनिटांनी, असे दोन्ही लावून पाहावेत.

दोन ट्रंक असल्याने एक बंद पडल्यावर दुसऱ्यावर जाण्याची सोय आपण केली असेलच. पहिला ट्रंक तात्पुरता बंद करून ती तपासावी. पण त्याचबरोबर, पलीकडचा माणूस खरोखरच फोनवर बोलत असताना काय होते, तेही पाहावे. ‘५०३’ म्हणजे ट्रंककडून सेवा नाही. तेव्हा दुसऱ्या ट्रंककडे वळणे योग्य. ‘४८६’ म्हणजे समोरचा फोन गुंतलेला आहे. तेव्हा दुसऱ्या ट्रंकवरून तोच क्रमांक पुन्हा फिरविण्यात काही अर्थ नाही. हा फरक न करणारी एक्स्चेंज मी पाहिली आहेत.

हा तक्ता जपून ठेवावा आणि डायलप्लॅनमध्ये एक ओळ जरी बदलली, तरी तो पुन्हा पहिल्यापासून भरावा. पुढच्या वेळी बसविणाऱ्याचे बिल तक्ता भरून झाल्यावरच चुकते करावे, असे मी सुचवीन.

प्रश्न : आमच्या छोट्या रुग्णालयात नवे आयपी एक्स्चेंज बसविले आहे. १०८ व ११२ हे क्रमांक लागतात का, हे प्रत्यक्ष फोन लावून पाहावे काय? — एक डॉक्टर, होटगी रोड

उत्तर : नाही, कृपया लावू नये. आपला चाचणीचा फोन ज्या माणसाला उचलावा लागेल, त्याच्यासाठी त्याच मिनिटाला एखादा खरा अपघात वाट पाहत असू शकतो. वर सांगितलेल्या ‘डायलप्लॅन शो’ या आज्ञेने हे क्रमांक कोणत्या वाटेने जातील, ते पाहावे आणि नंतर चाचणीपुरता तो नियम आपल्याच मोबाइलकडे वळवून प्रत्येक खोलीतील फोनवरून फिरवून पाहावा. चाचणी संपताच नियम पूर्ववत केल्याची खात्री दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी. एसआयपी ट्रंकवरून हे लघुक्रमांक स्वीकारले जातात का, हे ट्रंक कंपनीकडून लेखी घ्यावे.

मला अधिक काळजी वाटते ती एक्स्टेंशनच्या क्रमांकांची. बसविणारे सवयीने १०० पासून क्रमांक देत जातात. मग १०० हा स्वागतकक्ष होतो, १०१ औषधालय आणि १०८ एखादा वॉर्ड. रुग्णवाहिकेसाठी घाबऱ्याघुबऱ्या १०८ फिरविणाऱ्या नातेवाइकाचा फोन वॉर्डमध्ये वाजतो. आपल्याकडे तसे असेल, तर सगळे क्रमांक २०१ पासून पुढे नेण्याचा त्रास आजच सोसावा. बाहेरच्या लाइनसाठी आधी एखादा अंक फिरविण्याची पद्धत असेल, तर हे क्रमांक त्या अंकाशिवाय आणि त्या अंकासह, दोन्ही प्रकारे गेले पाहिजेत. घाबरलेल्या माणसाला आपल्या एक्स्चेंजचे नियम आठवणार नाहीत.

प्रश्न : फोन योग्य माणसाकडे जातो, पण एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो. हा राउटिंगचाच दोष का? — एक दुकानदार, सात रस्ता

उत्तर : कॉलच्या राउटिंगचा नाही. इंटरनेट टेलिफोनीत कॉल जोडण्याचे बोलणे एसआयपीतून होते आणि प्रत्यक्ष आवाज आरटीपीच्या पाकिटांतून वेगळ्या वाटेने जातो. घंटी वाजली, म्हणजे पहिली वाट ठीक आहे. बहुधा आपला सर्व्हर राउटरच्या आड असून, आवाज कोठे पाठवावा, या प्रश्नाला तो १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता सांगत आहे. त्या पत्त्यावर बाहेरून कोणीही पोहोचू शकत नाही. सर्व्हरच्या रचनेत बाहेरचा खरा पत्ता भरावा, आरटीपीसाठी ठरविलेले पोर्ट (ये-जा करण्याची दारे) राउटरमध्ये उघडावेत आणि एसआयपीचे संदेश वाटेत बदलणारी राउटरमधील एसआयपी एएलजी ही सोय बंद करून पाहावी.

प्रश्न : एका रात्रीत आमच्या एक्स्चेंजमधून परदेशी असंख्य कॉल गेले आणि मोठे बिल आले. राउटिंगची चाचणी केली असती, तर हे टळले असते का? — एक वाचक, चिंचोली

उत्तर : बऱ्याच अंशी टळले असते, पण त्यासाठी कॉल कोठे जातो, याइतकेच तो कोठे जाता कामा नये, हेही तपासावे लागते. एसआयपीचे नेहमीचे पोर्ट ५०६० असून, ते उघडे असलेले सर्व्हर शोधत फिरणारी यंत्रणा इंटरनेटवर अहोरात्र चालू असते. ट्रंकवरून येणाऱ्या कॉलच्या कप्प्यातून ‘००’ ने सुरू होणारा क्रमांक विचारल्यास ‘डायलप्लॅन शो’ने, असा नियमच नाही, असे उत्तर दिले पाहिजे. बाहेरून फोन करून आयव्हीआरमध्ये विभागाऐवजी परदेशी क्रमांक दाबून पाहावा आणि तो नाकारला जातो, याची नोंद करावी. पासवर्ड म्हणून एक्स्टेंशनचाच क्रमांक ठेवलेला फोन एकही राहू देऊ नये. परदेशी कॉलची गरज नसेल, तर ती सोय ट्रंक कंपनीकडूनच बंद करून घ्यावी, म्हणजे आपल्या डायलप्लॅनमधील चूकही बाहेर पडू शकणार नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. ट्रंक न घेता घरी या चाचण्यांचा सराव करता येईल का? — एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : अवश्य करता येईल आणि ट्रंक नसणे हे येथे सोयीचेच आहे. एका संगणकावर दोन आभासी यंत्रे (व्हर्च्युअल मशीन) करून दोन्हींत अ‍ॅस्टेरिस्क बसवावे. एकाला आपले एक्स्चेंज मानावे आणि दुसऱ्याला टेलिफोन कंपनी. ही नकली कंपनी आपल्या हातात असल्याने, ती कधी ‘४८६’ देईल, कधी ‘५०३’ देईल आणि कधी काहीच उत्तर न देता गप्प राहील, असे आपल्याला ठरविता येते. खऱ्या कंपनीकडून अशी चूक मागून मिळत नाही. पहिल्यावर दोन मोबाइलमधील सॉफ्टफोन जोडावेत. फोन हातात न घेता कॉल सुरू करण्यासाठी लोकल चॅनेल (एक्स्चेंजच्या आतच तयार होणारी कॉलची वाट) आणि ‘चॅनेल ओरिजिनेट’ ही आज्ञा आहे. तिचा उपयोग करून वरच्या तक्त्यातील ओळी एका छोट्या स्क्रिप्टमधून आपोआप तपासता येतात. आवाज दोन्ही बाजूंनी जातो का, हे पाहण्यासाठी ‘एको’ हे अ‍ॅप्लिकेशन वापरावे. ते आपलाच आवाज आपल्याला परत ऐकविते.

एकाच वेळी पुष्कळ कॉल आल्यावर काय होते, हे पाहण्यासाठी एसआयपीपी हे मोफत साधन आहे. ते फोन करणाऱ्याचे आणि उचलणाऱ्याचे, अशी दोन्ही सोंगे घेते. त्याआधी हिशेब मात्र कागदावर करावा. आवाज पाठविण्याच्या जी.७११ पद्धतीत वीस मिलिसेकंदांच्या प्रत्येक पाकिटात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्त्याचे ओझे असते, सेकंदाला अशी ५० पाकिटे जातात, म्हणजे एका कॉलला एका दिशेने ८० किलोबिट लागतात. तीस कॉलसाठी याच हिशेबाने दोन्ही दिशांना प्रत्येकी २.४ मेगाबिट झाले. घरच्या वायफायवर हे कागदावर सहज मावते. प्रत्यक्षात आवाज कोठून तुटायला लागतो, ते मोजून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. हा सगळा खेळ घरातल्या बंद जाळ्यातच ठेवावा. सार्वजनिक टेलिफोनशी जोडणी करायची वेळ येईल, तेव्हा ती परवानाधारक कंपनीच्या ट्रंकमधूनच करावी. स्वतःच्या यंत्रातून इतरांचे कॉल टेलिफोनच्या जाळ्यात सोडणे आपल्या देशात गुन्हा ठरते.